बोटभर आत

तीन आठवडे झाले, आमच्या बैठकीच्या खोलीत
कुणी सरळ रेषेत चाललेलं नाही.
जमिनीवर निळ्या चिकटपट्टीच्या फुल्या.
एकीवर पाय पडला तर ओइवा असा बघतो
की मी जणू त्याच्या कानावरच पाय दिला.

खोकी आली तेव्हा क्यूमी नदी काठाकाठानं गोठली होती.
कागद गिरणीनं निघताना जे हातावर ठेवलं
त्यातलं निम्मं त्या खोक्यांत.
मी म्हटलं, छत गळतंय.
तो म्हणाला, बर्फ वितळल्याशिवाय छत गळत नाही, राइली.

आधी स्पीकर भिंतीला टेकून होते.
आवाज असा, जणू कुणी पिंपात बसून गातंय.
मग भिंतीपासून वीतभर, मग हातभर,
मग इतके पुढे की सोफ्यापर्यंत
खेकड्यासारखं तिरकं जायचं.

एका रविवारी त्यानं तो काळा ठोकळा, खर्जाचा,
स्वतःच्या आरामखुर्चीत नेऊन बसवला, पाहुण्यासारखा,
आणि आपण रांगत निघाला
कोपऱ्याकोपऱ्यातून, डोकं खाली घालून,
अडुसष्ट वर्षांचा माणूस, मोज्याला भोक.
जिथे खर्ज घट्ट लागेल ती ठोकळ्याची जागा, म्हणाला.
ती निघाली माझ्या शिवणयंत्राखाली.
यंत्र आता सौनाच्या बाहेर, टॉवेलांच्या शेजारी आहे.

मग आरसा.
मी खुर्चीत, तो भिंतीवरून आरसा सरकवत
तसूतसूनं पुढे. 'स्पीकर दिसला की सांग.'
आवाज तिथूनच उसळी मारतो म्हणे.
मला आधी दिव्याची कड दिसली, मग ओइवा:
शर्ट बाहेर आलेला, मानेवरचे केस कापायला झालेले.
स्पीकर दिसला तरी
मी जरा वेळ काही बोललेच नाही.
तिथे आता आईनं विणलेला लोकरी गालिचा टांगलाय,
लाल, एका बाजूनं कसर लागलेला.

फ्रिज गुणगुणतो म्हणून बंद केला
आणि चालू करायला विसरला.
सगळे हेरिंग मांजराला गेले.

एकतीस वर्षं तो दोन नंबरच्या यंत्रावर होता.
कागदाचा रुंद पांढरा पट्टा धावायचा
आणि त्याच्याबरोबर एक किंकाळी, पाळी संपली तरी न संपणारी.
सुरुवातीला कानात कापूस घालायचे. कापूस!
डॉक्टरनं रेघ काढून दाखवली होती:
इथवर सपाट, आणि इथून कड्यावरून खाली.
बारीक, टोकदार जे काही असतं,
चिमणी, सायकलची घंटी, नातीची हाक,
ते सगळं त्या कड्याच्या तळाशी पडलंय.
हे आम्हा दोघांना ठाऊक आहे.
खोक्यांच्या किमतीवरून भांडतानासुद्धा
मी ते काढलं नाही.

काल रात्री त्यानं एक जुना टँगो लावला,
आमची ओळख व्हायच्या आधीचा.
अकॉर्डियन उजवीकडे उघडलं,
आणि दोन्ही स्पीकरांच्या मधे, जिथे काहीच नाही,
तिथे एक बाई येऊन उभी राहिली.
गाण्याआधी तिनं श्वास घेतला.

'ऐकलास?'
'काय?'
'श्वास. घेतला तिनं.'
त्यानं सुई मागे नेली. कानात प्राण आणून बसला.
नाही.
पुन्हा.
नाही.
मग म्हणाला, 'आला की बोट वर कर.'

मी बोट वर केलं.
तो माझ्या बोटाकडे बघत होता,
आणि तोंड किंचित उघडून
त्यानंही घेतला, तिच्याबरोबर.

मग उठला, डावा स्पीकर बोटभर आत वळवला.
'आता?'
खरं सांगायचं तर तिळाइतका फरक नव्हता.
मी म्हटलं, 'अजून जरा.'